उन्हाळ्यात पेंड चारूनही मेंढरं वाळतात? पोत्यावरच्या प्रोटीनच्या आकड्याला फसू नका

शिमगा झाला की दरवर्षी माझ्याकडं तेच रडगाणं. ज्वारी काढून झालेली, हरभऱ्याच्या रानातला पाला संपलेला, माळावरचं कुसळी गवत म्हणजे नुसत्या काड्या, आणि मेंढरं दिवसेंदिवस बसत चाललेली. पाठीवरनं हात फिरवला की मणका बोटाला लागतो, कोकरं आईला ढुसण्या देऊन देऊन थकतात पण सडात दूध नाही. मग दुकानात जायचं, तिथं बसलेला कुणी सांगेल ती पेंड आणायची, पंधरा दिवस चारायची, फरक नाही दिसला की दुसरी आणायची. जूनमध्ये पाऊस पडतो, गवत येतं, मेंढरं आपोआप सुधारतात आणि आपण म्हणतो शेवटची पेंड लागू पडली. असे तीन उन्हाळे घालवले मी. चौथ्याला वही घेऊन बसलो म्हणून हे लिहितोय, कारण आटपाडी-जत-सांगोला पट्ट्यात ज्याला विचारावं त्याच्याकडं हीच बोंब आहे.

माझा पसारा सांगतो म्हणजे अंदाज येईल. ३८ मेंढ्या, बऱ्याचशा माडग्याळी आणि थोड्या दख्खनी, २ मेंढे, कोकरं असतील तेवढी. वडील मेंढरांचा वाडा घेऊन कोकणापर्यंत फिरायचे, मला ते जमत नाही, त्यामुळं सकाळी चार तास चराई आणि बाकी शेडमध्ये कडबा. मोठी मेंढी ३०-३२ किलोची. बंदिस्त पाळणाऱ्यांना यातलं बरंचसं लागू आहे, फिरस्त्यांना थोडं कमी, कारण फिरस्त्याची मेंढरं आपला पाला आपण शोधतात आणि खरं सांगायचं तर आपल्यापेक्षा चांगला शोधतात.

पहिलं काम पेंडीचं नाहीच. खालची पापणी ओढून बघा. लालगुलाबी असेल तर पुढं जा, पांढरट असेल तर थांबा, पोटात रक्त पिणारे जंत आहेत आणि तुम्ही कितीही महागाची पेंड घाला ती जंतांच्या खात्यावर जाणार. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबायला लागली असेल तर प्रकरण आणखी पुढं गेलंय, डॉक्टर बोलवा. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात ९ मेंढ्या अशा होत्या आणि मी त्यांना शेंगदाणा पेंड घालत बसलो होतो. जंत निघाल्यावर त्यातल्या बऱ्याच सुधारल्या, पण बाकीच्या २९ तशाच, म्हणजे जंत हे अर्धंच कारण होतं.

आता लेंडी बघा, यावर माझा फार विश्वास बसलाय. लेंडी बारीक, कडक, फोडली की आत कडब्याचे लांब धागे तसेच दिसतायत आणि गव्हाणीत कडबा शिल्लक राहतोय, तर कोटीपोटातल्या, म्हणजे रवंथाच्या मोठ्या पोटातल्या जंतूंना नायट्रोजन (प्रोटीनमध्ये असतो तो) कमी पडतोय. (हे जंतू म्हणजे वरचे जंत नव्हेत, हे आपले कामगार.) कडबा पचवायचं काम मेंढी करत नाही, हे जंतू करतात, त्यांना नायट्रोजन मिळाला नाही तर ते वाढत नाहीत, कडबा पोटात पडून राहतो, पोट भरलेलं म्हणून मेंढी आणखी खात नाही. भरल्या पोटी उपाशी. याउलट लेंड्या एकमेकींना चिकटून गोळा पडतोय आणि पहाटे शेडमध्ये शिरलं की डोळे चुरचुरतात, तर नायट्रोजन जास्त होतोय आणि मुतावाटे वाया चाललाय. माझ्याकडं गंमत अशी की फेब्रुवारीत पहिला प्रकार आणि पेंड सुरू केल्यावर मार्चात दुसरा, मेंढरं मात्र दोन्ही महिन्यांत वाळतच होती. तिथं माझं डोकं फिरलं.

पोत्यावर जे क्रूड प्रोटीन २०% लिहिलेलं असतं ना, ते प्रोटीन कुणी मोजलेलंच नसतं. मोजतात नायट्रोजन आणि त्याला ६.२५ नं गुणतात, कारण साधारणपणे प्रोटीनमध्ये १६% नायट्रोजन धरतात. ही पद्धत १८८३ मध्ये योहान केल्डाल नावाच्या माणसानं कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवली, ती पण बिअर करायच्या धान्यासाठी. पद्धत चांगलीच आहे, पण तिला डोळे नाहीत, नायट्रोजन शेंगदाण्याचा आहे का युरियाचा हे तिला कळत नाही. युरियात ४६% नायट्रोजन, गुणिले ६.२५, म्हणजे कागदावर २८७% प्रोटीन! १०० किलोत २८७ किलो प्रोटीन, हे ऐकून माझा पोरगा हसायला लागला. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाईन घातलेलं पकडलं तो हाच खेळ होता, पाणी घालून पातळ केलेल्या दुधात नायट्रोजन वाढवून दाखवायचा.

म्हणजे युरिया वाईट का? नाही. मेंढीच्या कोटीपोटातले जंतू युरियाचा अमोनिया करून त्यातनं स्वतःचं अंग बनवतात आणि ते जंतू पुढच्या पोटात गेले की मेंढी त्यांनाच पचवते. म्हणून रवंथ करणाऱ्या जनावराला युरिया चालतो आणि कोंबडीला, डुकराला, आपल्याला चालत नाही. पण त्यात अट आहे आणि ती अटच आपण विसरतो. त्यासाठी कडब्याचा हिशोब करू.

मेंढी दिवसाला १ किलो कडबा खाते असं धरा. ज्वारीच्या कडब्यात प्रोटीन साधारण ४%, म्हणजे ४० ग्रॅम. जंतूंचं काम नीट चालायला चाऱ्यात निदान ७% लागतं, म्हणजे ७० ग्रॅम. तूट ३० ग्रॅमची. ही तूट भरायला शेंगदाणा पेंड (४२% धरून) लागते ७० ग्रॅम, सोयाबीन डीओसी (तेल काढलेली पेंड, ४६%) ६५ ग्रॅम, सरकी पेंड (२२%, सालासकट) १३५ ग्रॅम, ओला लसूणघास पाऊण किलो, शेवरीचा ओला पाला अर्ध्या किलोच्या थोडा वर, आणि युरिया फक्त १० ग्रॅम. दोन चमचे.

आणि वरच्या बाजूलाही हद्द आहे. १ किलो वाळक्या कडब्यातनं जेवढी ताकद निघते तेवढ्यावर जंतू साधारण ६५-७० ग्रॅम प्रोटीनच बांधू शकतात. गवंडी किती का आणा, सिमेंट संपलं की भिंत थांबणार. मी काय करत होतो, सकाळी सकाळी एकदमच २०० ग्रॅम शेंगदाणा पेंड पाण्यात कालवून, म्हणजे ८४ ग्रॅम प्रोटीन कडब्याच्या ४० वर. शेंगदाणा पेंड कोटीपोटात फार भराभर फुटते, चारातले तीन हिस्से तरी तिथंच अमोनिया होऊन जातात, त्या वेळी पोटात तेवढी ताकद नाही, मग तो अमोनिया रक्तात, रक्तातनं लिव्हरमध्ये, तिथं परत युरिया होऊन मुतात. वर हे साफ करायला मेंढीची स्वतःचीच ताकद खर्च. पहाटेचा तो वास म्हणजे माझे पैसे हवेत उडत होते. पेंडीचा दोष नव्हता, ती चांगली होती. मी ती चुकीच्या वेळी, चुकीच्या मापात आणि एकटी घालत होतो.

बदल अगदी साधा केला. शेंगदाणा पेंड २०० वरनं ७० ग्रॅमवर आणली, ती पण दोन वेळा विभागून, आणि सोबत १०० ग्रॅम मक्याचा भरडा. वाचलेल्या पैशात मका निघाला, वरनं थोडे उरले. आठवड्याभरात गव्हाणीतला शिल्लक कडबा कमी झाला, हा पहिला पुरावा. वजनकाटा नसेल तर हीच खूण बघा, शिल्लक कडबा रोज पाटीत भरून ताणकाट्याला लावा, वजन करायला मेंढी धरण्यापेक्षा सोपं. माझ्याकडं रोज चार पाट्या उरायच्या, त्या दीडवर आल्या. तीन आठवड्यांनी मणक्यावर हात फिरवला तर बोटं जरा घसरायला लागली.

आता कुठली पेंड घ्यायची हे भांडण. मी दर किलोचा भाव बघायचो, तो बघूच नका, प्रोटीनचा किलो कितीला पडतो ते काढा. गेल्या मार्चात मला शेंगदाणा पेंड ५२ रुपयांनी मिळाली, भागिले ०.४२, म्हणजे १२४ रुपये किलो प्रोटीन. सोयाबीन डीओसी ४४ रुपयांनी, ती पडते ९६. सरकी पेंड ३६ रुपयांनी, दिसायला सगळ्यात स्वस्त, आणि पडते १६४. पण थांबा, सरकीत तेलाचा अंश राहतो आणि ती कोटीपोटात सावकाश फुटते, बराचसा भाग तसाच पुढं जाऊन आतड्यात पचतो, त्यामुळं दूध पाजणाऱ्या मेंढीला ती मानवते. जुळं असेल तर नक्कीच, कारण जंतूंनी बनवलेलं प्रोटीन एका कोकराला पुरतं, दोघांना नाही पुरत. फलटणच्या निंबकर संस्थेची नारी सुवर्णा ही मेंढीची जात ज्यांच्याकडं आहे त्यांनी हे पक्कं लक्षात ठेवा, बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्याचा जीन त्यात आणलाय, कोकरं दोन येतील पण दूध काय जीनसोबत फुकट येत नाही. तेव्हा दूध पाजणारीला सरकी आणि सोयाबीन मिळून, भाकड मेंढीला नुसती तूट भरण्यापुरती जी स्वस्त पडेल ती, असं मी वाटून टाकलं. सगळ्यांना एकच खुराक घालणं म्हणजे भाकडीला लाडू आणि बाळंतिणीला पण तोच लाडू.

शेंगदाणा पेंड घेताना फोडून वास घ्या. कुबट वास, आत हिरवट-काळी बुरशी, तर फुकट दिली तरी नको, त्या बुरशीचं विष लिव्हर खाऊन टाकतं. उकळून ते जात नाही. सरकीतही एक विष असतं, मोठ्या मेंढीचं पोट ते सांभाळून घेतं, लहान कोकराला सोसत नाही आणि पैदाशीच्या मेंढ्याला पण मी जास्त घालत नाही.

आता युरिया, कारण खाली कमेंटमध्ये प्रश्न तोच येणार. ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशाला, कागदावर २ रुपये किलो प्रोटीन, कुणाचंही मन डळमळेल. पहिली गोष्ट, ते सबसिडीचं खत रानासाठी आहे, चाऱ्यात वापरणं नियमात बसत नाही, २०१५ पासून त्यावर निंबोळी तेलाचा लेप पण असतो. पशुखाद्याचा वेगळा मिळतो, किंवा युरिया आणि मळीची तयार चाटण वीट. दुसरी गोष्ट, वर आपण काढलं की मेंढीला दिवसाला १० ग्रॅम पुरतो, आणि सवय नसलेल्या भुकेल्या मेंढीला वजनाच्या दर किलोला ०.३ ते ०.५ ग्रॅम एका दमात गेला तर तो विष. ३२ किलोच्या मेंढीला गुणाकार करून बघा. १० ते १६ ग्रॅम. तोच १० ग्रॅम दिवसभरात चाटून चाटून गेला तर खुराक, एका घोटात गेला तर मढं. दुसऱ्या कुठल्याच प्रोटीनचं असं नाही, पेंड जास्त झाली तर बहुतेक वेळा हगवणीवर भागतं.

माझ्याकडं हे घडलंय. चाटण वीट टांगलेली होती, ३ किलोची, सगळं छान चाललेलं, मेंढ्या येऊन येऊन चाटायच्या. एप्रिलच्या शेवटी वळीव आला, पत्र्याच्या फटीतनं धार बरोबर विटेवर, वीट विरघळली आणि खालच्या घमेल्यात तपकिरी गोड पाणी साचलं. सकाळी दोन मेंढ्यांनी ते पिलं. अर्ध्या तासात एकीच्या तोंडाला फेस, पोट टम्म, कानाची आणि ओठाची कातडी थरथर कापतेय, मग पाय ताठ. डॉक्टरला फोन लावला, ते यायला तास लागणार होता, ते म्हणाले व्हिनेगर पाजा, गार पाणी पाजा. गावात व्हिनेगर कुठं मिळणार? चौकातल्या चायनीजच्या गाड्यावाल्याला झोपेतनं उठवून दोन बाटल्या आणल्या. अर्धा लिटर, सावकाश, ठसका लागणार नाही असं. एक वाचली. दुसरी मेंढी व्हिनेगर यायच्या आधीच गेली, माझी सगळ्यात दुधाळ होती, तिचं कोकरू मग बाटलीवर वाढवलं. तेव्हापासून औषधाच्या डब्यात व्हिनेगर कायम असतो आणि वीट पक्क्या छपराखाली, खाली भांडं ठेवत नाही.

तर युरियाचे माझे नियम असे आहेत, पटले तर घ्या. खुराकात घालायचा तर १०० किलोला १ किलोच्या वर नाही, पुस्तकात ३ पर्यंत लिहितात पण गडी माणूस मिसळणार असेल तर मी १ वरच थांबतो, गठळी राहिली की खेळ खलास. दोन-तीन आठवडे हळूहळू वाढवत न्यायचा, मध्ये चार दिवस खंड पडला तर परत पहिल्यापासून. सोबत मका किंवा मळी पाहिजेच. पाण्यात कालवून कधीच नाही. तीन महिन्यांखालच्या कोकराला अजिबात नाही, त्याचं कोटीपोट अजून तयार नसतं. आणि कच्च्या सोयाबीनसोबत तर कधीच नाही, आपल्याकडं भाव पडला की लोक घरचं सोयाबीन भरडून घालतात, त्या कच्च्या सोयाबीनमध्ये युरियाचा झटक्यात अमोनिया करणारं एंझाइम असतं.

याच गोष्टीचा उलटा उपयोग पण होतो. पोत्यातल्या गोळी पेंडीत युरिया आहे का हे ओळखायचं असेल तर दोन चमचे गोळी पेंड चुरून, त्यात चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ, थोडं कोमट पाणी, झाकणाच्या बाटलीत घालून उन्हात अर्धा तास ठेवा. झाकण उघडल्यावर नाकात अमोनियाची सणक गेली तर समजा. माझ्याकडं एका पोत्यावर २०% लिहिलेलं होतं आणि कोकरं काही केल्या वाढत नव्हती, बाटली उघडली आणि कारण कळलं. माल मोठ्या गायीसाठी चालला असता, कोकरासाठी नव्हता, आणि पोत्यावर कोकराचं चित्र होतं. कंपनीचं नाव लिहीत नाही, तुम्ही तुमचं पोतं तपासा.

युरिया वापरायची मला पटलेली पद्धत म्हणजे वाळक्या चाऱ्यावर प्रक्रिया. १०० किलो बाजरीच्या सरमाडाची कुट्टी, ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून, थर द्यायचा, झारीनं शिंपडायचं, पायानं तुडवायचं, परत थर. वरनं प्लास्टिक हवाबंद, २१ दिवस हात लावायचा नाही. उघडल्यावर रंग पिवळसर तपकिरी आणि असा उग्र वास की डोळ्यातनं पाणी. लागेल तेवढंच काढून आदल्या रात्री पसरून ठेवायचं, वास उडाला की सकाळी घालायचं. ३-४% चं प्रोटीन ७-८% वर जातं आणि काडी मऊ पडते म्हणून मेंढी जास्त खाते, मला तर दुसरा फायदाच मोठा वाटतो. पहिले तीन-चार दिवस मेंढरं नाक मुरडतात, साध्या चाऱ्यात मिसळून सवय लावा. हिरवट गोड कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यावर मात्र हे करू नका, साखर आणि अमोनिया मिळून भलतंच विषारी काहीतरी तयार होतं आणि जनावर पिसाळल्यागत करतं.

कोकरांचं गणित वेगळंच आहे. तिथं कोटीपोटाच्या भरवशावर राहता येत नाही, खरं प्रोटीन लागतं आणि १७-१८% लागतं. माझं मिश्रण सांगतो, १०० किलोला मक्याचा भरडा ५२, सोयाबीन डीओसी २०, गव्हाचा कोंडा १५, हरभरा चुनी १०, मिनरल मिक्श्चर २, मीठ १. बेरीज केली तर साडेसतराच्या आसपास येतं. कोकरांना आत जाता येईल आणि मोठ्यांना येणार नाही असा बांबूचा कप्पा करून तिथं ठेवायचं, पंधराव्या दिवसापासून हुंगायला लागतात. पेंड आधी साधी घालत होतो तेव्हा दिवसाला ५०-६० ग्रॅमनं वाढायची, आता शंभराच्या आसपास जातात, माडग्याळीची जरा पुढंच. कोंडा स्वस्त म्हणून वाढवायचा मोह होतो, वाढवू नका, कोंड्यात फॉस्फरस फार, बकरी ईदसाठी राखलेल्या मेंढ्याला मुतखडा होतो आणि ऐन विक्रीच्या महिन्यात कुंथत उभा राहतो.

मिनरलवरनं आठवलं, गायीचं मिनरल मिक्श्चर मेंढराला घालू नका. मेंढीला तांबं सोसत नाही, हळूहळू लिव्हरमध्ये साठतं आणि एक दिवस लाल मूत सुरू होऊन दोन दिवसात जाते. मेंढीसाठीचं वेगळं मिळतं ते घ्या, त्यात गंधक आहे का तेही बघा. युरियात गंधक नसतं, पेंडीत असतं, आणि लोकरीला गंधक लागतं. नुसत्या युरियावर ठेवलेल्या मेंढीची लोकर निस्तेज पडते.

सगळं विकतच आणायचं असं नाही. बांधावरच्या बाभळीच्या शेंगा ऐन उन्हाळ्यात पिकतात, आमचे म्हातारे आकडी लावून त्या पाडायचे आणि मेंढरं शेंगांच्या आवाजाला पळत यायची, त्यांना कुणी प्रोटीन शिकवलं नव्हतं. ११-१२% प्रोटीन असतं, तुरटपणामुळं ते कोटीपोटात पटकन फुटत नाही. पण तुरट जास्त झालं की पोट बांधतं, म्हणून मेंढीमागं पाव किलोच्या आत. वेड्या बाभळीच्या शेंगा गोड असतात, म्हणजे नायट्रोजनसोबत साखर आयती, फक्त भरडून घाला, नाहीतर बी लेंडीतनं जसंच्या तसं पडून तुमच्या रानात जंगल होईल. हरभऱ्याचं आणि तुरीचं भुसकट कडब्यापेक्षा बरं, भुईमुगाचा वेल तर ८-१० टक्क्यांवर जातो, तो विकू नका. शेवरी, हादगा, दशरथ घास पाटाच्या कडेला चार ओळी लावल्या तरी पेंडीचं पोतं वाचतं. सुबाभळीनं मी तोंड पोळून घेतलंय, पाणी कमी आणि सुबाभूळ भरपूर म्हणून महिनाभर तोच चारला, मेंढ्यांची लोकर मुठीनं निघायला लागली. त्यातल्या मिमोसिनमुळं होतं असं डॉक्टरांनी सांगितलं, चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर नको म्हणाले.

पाणी दिवसातनं तीन वेळा ताजं. पेंड वाढली की पाणी जास्त लागतं, आणि दुपारचं तापलेल्या टाकीतलं पाणी मेंढी तोंड लावून सोडून देते.

एवढं करून कडबा संपतोय, लेंडी नीट आहे, पापणी लाल आहे आणि तरी कोकरू वाळतंय, तर पेंडीच्या दुकानात जाऊ नका, आईची कास दाबून बघा, एका बाजूला कडक गाठ असू शकते, म्हणजे दगडीनं (कासेच्या सुजेनं) दूध आटलेलं.

आणि पहिला पाऊस पडला की सगळं उलटं होतं. कोवळ्या गवतात प्रोटीन भसाभस, पाणीच पाणी, आणि ताकद कमी. मेंढरं अधाशासारखी तुटून पडतात आणि पातळ हगतात. तेव्हा पेंड बंद करायची, मका थोडा चालू ठेवायचा, आंत्रविषाराची लस मे महिन्यातच टोचून घेतलेली असावी. सकाळी सोडायच्या आधी पोटात थोडा वाळका कडबा गेलेला बरा. म्हणून मी ५०-६० पेंढ्या मे महिन्यात कितीही ओढ बसली तरी माळ्यावर बाजूला टाकून ठेवतो, गेल्या वर्षी भावानं त्या २२ मेला काढून घातल्या आणि त्यावरनं आमचं दोन दिवस बोलणं बंद होतं.